उंबऱ्याबाहेरचे आभार

"कोट आण," पप्पा म्हणाले. "आणि हा नको, चांगला आण."

"हाच चांगला आहे, पप्पा."

"ह्याला ग्रीसचा डाग आहे. असा जाऊ मी कोणाच्या दारात?"

डाग नव्हता. पप्पांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम सोडून कितीतरी वर्षं झाली होती. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी कोट आत नेला, दाराआड क्षणभर थांबले आणि तोच कोट परत आणून म्हटलं, "हा घ्या दुसरा." त्यांनी समाधानाने बाह्यांत हात घातले. असे लहानसहान कावे हल्ली आमच्या घरात सगळ्यांनाच जमू लागले होते.

"कुठे निघाले?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आभार मानायला."

"कोणाचे?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? तेवढ्यात सोफ्यावरून दादा म्हणाला, "या वर्षी राहू दे ना. मागच्या महिन्यात पप्पा हरवले होते, विसरलात का सगळे? घरातच प्रार्थना करू, जेवू. देव काय रागावणार आहे?"

"देव नाही रागावणार," आई म्हणाली, "पण हे रागावतील. जा गं तू घेऊन. मी कोंबडी मंद आचेवर ठेवते."

उपकारस्तुतीचा रविवार होता. चर्चमधल्या बाकीच्या मंडळींचं या दिवशी सरळ असायचं. उपासनेहून घरी यायचं, टेबलाभोवती बसायचं, देवाचे आभार मानायचे आणि जेवायचं. आमचं घर मात्र जगावेगळं. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने बाहेर जाऊन, या वर्षात आपलं काहीतरी भलं केलेल्या एका माणसाच्या दारात उभं राहून आभार मानून यायचं. सगळे परत आल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. आणि दारात जाऊन नुसतं "तुम्ही फार केलंत हो" म्हणणं चालायचं नाही, नेमकं काय केलं ते सांगायचं. "मोघम आभार म्हणजे फुकटचे आभार," पप्पा म्हणायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते त्यांच्या कामामुळे. पप्पा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाइतकी कळकळीची प्रार्थना पाळकसाहेबसुद्धा करत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. "आणि दार उघडलं की काय म्हणतात? 'देवा, तुझे उपकार!' अरे, देवाचे आहेतच, पण मी समोर पाना घेऊन उभा आहे ना घामाघूम!" हे सांगताना ते इतके हसायचे की डोळ्यांत पाणी यायचं. पण एकदा, दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच मागे फिरला, या वचनावर पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं, तेव्हा पप्पा वाटेत कुठेही न थांबता घरी आले. दारात बूट काढता काढता म्हणाले, "आपण त्या नवांतले नाही व्हायचं." त्या वर्षीपासून सुरू झालं.

आम्हां भावंडांना या दिवसाचा धाक वाटायचा. अनोळखी दारं, आतून येणारे जेवणाचे वास, आणि "काय पाहिजे?" असं विचारणारी माणसं. मी एकदा शाळेच्या शिपाईकाकांच्या घरी गेले. परीक्षेच्या दिवशी मी उलटी केली होती, ती त्यांनी कोणाला न सांगता पुसली होती. दारात उभी राहून मी हे मोठ्याने सांगितलं, आणि त्यांची सगळी पाहुणेमंडळी जेवता जेवता थांबली. काकांचे डोळे मात्र भरून आले. परतीच्या वाटेवर मी पळतच होते, आणि ती भूक, ती कोंबडी, तसं जेवण पुन्हा कधी लागलंच नाही जिभेला.

दादा आधीपासूनच डोकेबाज. एका वर्षी बाहेर कडाक्याची थंडी होती. तो खुर्चीवरून उठलाच नाही. म्हणाला, "मी आईचे आभार मानतो. ती रोज डबा करते. झालं माझं."

"पळवाट आहे ही," पप्पा म्हणाले. "घरच्या माणसाचे आभार कसले? ती काय परकी आहे?"

आई बटाटे सोलत होती. ती हसली, पण हातातलं पातेलं तिने ओट्यावर जरा जास्तच जोरात ठेवलं. दादा मुकाट्याने मफलर गुंडाळून बाहेर पडला.

आईची भेट नेहमी आदल्या संध्याकाळीच उरकलेली असायची. रविवारी चुलीपाशी कोणीतरी हवं ना! आम्ही वेगवेगळ्या दिशांनी हिंडून यायचो, कोण काय म्हणालं ते सांगायचो, आणि ती वाढत वाढत ऐकायची. तिच्या दाराची घंटा या कारणाने कधी वाजली नाही. माझं लग्न झाल्यावर एकदा भांडी पुसताना ती म्हणाली, "गावभर आभार मानत हिंडला गं हा माणूस. मला एकदा म्हणाला असता तर काय झिजला असता?" मी म्हटलं, "मग सांग ना त्यांना." ती म्हणाली, "मागून घेतलेले आभार कशाला हवेत?" नंतर पप्पांचं विसरणं सुरू झालं, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

जिना उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. लिफ्टवाल्याच्या इमारतीलाच लिफ्ट नाही, हा पप्पांचा जुना विनोद. आज त्यांनी तो केला नाही. खाली रस्त्यावर ऊन होतं. दुकानं बंद, दोन मुली सायकल शिकत होत्या.

"कोणाकडे जायचं, पप्पा?"

"त्या बाईंकडे."

"कोणत्या?"

"अगं, त्या येतात ना. सकाळी बूट घालून देतात. गोळ्या देतात. रात्री मला भीती वाटते म्हणून लाइट चालू ठेवतात. स्वतः डोळ्यांवर हात घेऊन झोपतात." ते थांबले आणि माझ्या कानाशी आले. "नाव विचारायचं राहिलं बघ. आता इतक्या दिवसांनी विचारणं बरं दिसतं का?"

मी त्यांचा दंड घट्ट धरला. गेल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं होतं, माझी बायको कुठे आहे. आई म्हणाली, "अहो, मीच ना." त्यावर ते रागावले, मग घाबरले, आणि मग लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून आईने 'मीच' म्हणणं सोडून दिलं होतं. 'ती बाई म्हणजे आईच' हे आज रस्त्यात मी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि खरं सांगायचं तर मला रागही आला. आयुष्यभर ज्या माणसाने एक शब्द दिला नाही, तो आता देणार, आणि तोही परकी समजून!

त्यांना बाकावर बसवून मी चार पावलं लांब गेले आणि आईला फोन लावला.

"आई, ते तुझ्याकडे येतायत."

"म्हणजे? विसरलं का काही?"

"नाही. आभार मानायला. सकाळी बूट घालून देते त्या बाईचे."

 पलीकडून मला कुकरची शिट्टी ऐकू आली. ती बंद करायलाही आई हलली नसावी.

"आई, नको असेल तर मी त्यांना दुसरीकडे कुठेतरी नेते."

"नको," ती म्हणाली. "थोडं फिरवून आण. मी कपडे बदलते."

आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. परत येताना पप्पांनी इमारतीकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. "ह्या इथे राहतात होय? बरी आहे जागा," म्हणाले. प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी दम खाल्ला. आमच्या दारापाशी आल्यावर हाताने केस चापून बसवले, कोटाची बटणं लावली आणि स्वतः घंटा वाजवली.

आईने दार उघडलं. सकाळी चर्चला घातलेले कपडे तिने पुन्हा घातले होते, केस विंचरले होते. तिच्यामागे आतल्या खोलीच्या दारात दादा उभा होता, तो तसाच मागे सरकला.

पप्पा एक पाऊल मागे आले आणि उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले.

"बाई, तुम्हाला त्रास द्यायला आलो. पाचच मिनिटं."

"त्रास कसला. या ना."

"नको, इथेच बरं. आमच्याकडे आज उपकारस्तुती असते." ते घसा खाकरले. "तुम्ही सकाळी मला बूट घालून देता. लेस आवळून बांधत नाही. मागे कोणीतरी बांधायचं, ते फार घट्ट बांधायचं."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. ते घट्ट बांधणं दादाचं होतं.

"मी एकच गोष्ट सारखी विचारतो, हे मला कळतं. कधी कधी कळतं. तुम्ही प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं उत्तर देता. परवा मी ताट ढकललं. तुम्ही काही बोलला नाहीत, दुसरं आणलंत. रात्री लाइट ठेवता. तुम्हाला झोप लागत नाही, मी पाहिलंय." त्यांनी कोटाची कड चाचपली. "घरच्या माणसांनीसुद्धा एवढं केलं नसतं, बाई. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला आलोय."

त्यांनी हात जोडले. उभ्या जन्मात त्यांनी आईला 'तुम्ही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आईनेही हात जोडले. तिचा आवाज अगदी सरळ होता. मला तो कसा जमला असता, कुणास ठाऊक.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "फार बरं वाटलं. आता जेवूनच जा. तयार आहे सगळं."

"छे छे." पप्पा एकदम घाईत आले. "घरी बायको थांबलीय. मी गेल्याशिवाय ती घास घेत नाही."

आईने चौकटीला हात टेकला.

"मग जा," ती म्हणाली. "तिला उपाशी ठेवू नका."

"येतो."

ते वळले आणि कठड्याला धरून उतरू लागले. मी त्यांच्या एक पायरी पुढे राहिले, तोल गेला तर सावरायला. त्यांचा चेहरा मोठं काम उरकल्यासारखा मोकळा झाला होता. खालच्या वळणावर ते दम घ्यायला थांबले.

"चांगल्या आहेत बाई," ते म्हणाले. "एकट्याच राहतात का गं?"

मी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. वरून अजून दार लावल्याचा आवाज आला नव्हता.