माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे, चेहऱ्याला लावायच्या क्रीमची. पोट खपाटीला गेलंय, टोपण चिरलंय, पण ताठा काही गेलेला नाही. माझ्यात रेटिनॉल आहे, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं तयार रूप. मी सुरकुत्या पुसट करते. नुसत्या सुगंधावर खपणाऱ्यांतली मी नव्हे.

मुंबईच्या एका बाईंनी मला कळंबच्या रिसॉर्टवर आणलं आणि तिथेच विसरून गेल्या. तिथली रीत अशी की, महिनाभर कुणी मागितलं नाही तर विसरलेली वस्तू खोली आवरणाऱ्या बाईची. म्हणून मॅनेजर संतोषने मला रूपालीला देऊन टाकलं. तिने मला आरशामागे जपून ठेवलं, तीन दिवस हौसेनं चेहऱ्याला लावलं आणि भर उन्हात कामाला गेली. गाल लालभडक झाले.

रूपालीला तिसरा महिना होता. वाडीवर तपासणीला आलेल्या आरोग्य खात्याच्या आशाताई माधवीने तिचे गाल पाहिले आणि मला मागून घेतलं. माझ्या पाठीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून तिचा चेहरा उतरला.

"पोटुशी बाईनं लावायचं नाय, असं लिवलंय गं. आजपासून बंद कर. घाबरू नको, उद्या डाक्तरला दाखवू."

"मंग शेवग्याचा पाला बी बंद? त्यात बी अ जीवनसत्त्व हाय, तुमीच सांगता."

"पाला खा, भोपळा खा. त्यातून आपलं अंग लागंल तेवढंच बनवून घेतं. हे आयतं हाय, जास्त झालं तर पोटातल्या पोराला बाधतं."

मला संताप आला. मी काही विष नाही. पण माझी सूचना जिला वाचता येत नाही, तिच्या हातात मला न सांगता दिलं कुणी?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून धीर दिला. तिथून रूपाली थेट रिसॉर्टवर गेली आणि तिने मला संतोषच्या टेबलावर आपटलं.

"वाचून न सांगता दिलीत कशी?"

"फुकट मिळाली ना तुला?"

"पोटात पोर हाय माजं. फुकट कशी? हितून पुढं वाचून सांगायचं, मंगच द्यायचं. नायतर आमी एक बी बाई काय घेणार नाय."

संतोषने चष्मा चढवला आणि मला वाचायला घेतलं.

मित्रांनो, मला वापरा किंवा वापरू नका, माझं काही अडत नाही. पण आधी मला उलटवून वाचा. वाचता आलं नाही तर विचारा, आणि विचारताना मान खाली घालू नका. रूपालीने घातली नव्हती.