पहिला घास

शाळा उघडायला दोनच दिवस उरले होते, आणि अक्षदा अवसरीला, स्वतःच्या घरी, जायला तयार नव्हती. आई गेल्यापासून दर सुट्टीला ती बोरी बुद्रुकला आजोळी येत असे. या उन्हाळ्यात ती इथे असतानाच वडिलांनी, भरतने, दुसरे लग्न केले. तेव्हापासून तिने परतीचे नावच काढले नव्हते.

आदेश तिचा मामा. नारायणगावच्या वाचनालयात काम करणारा, माणसांपेक्षा पुस्तकांपाशी मोकळा होणारा. बहीण समृद्धी गेली तेव्हाही त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. भाचीशी काय बोलावे हे न सुचून त्याने तिच्यासाठी एक कादंबरी आणली होती. मुलांसाठी लिहिलेली, पुरस्कार मिळालेली. एका घराची आणि त्या घरात मोठे होण्याची गोष्ट. त्यातली मुलगी रोज जेवताना नसलेल्या आईचे ताट मांडते आणि ते कुणालाही उचलू देत नाही.

"वाचून बघ," एवढेच तो म्हणाला होता. ते पान वाचताना आपल्याला पुस्तक मिटून ठेवावे लागले, हे सांगायचे राहून गेले.

अक्षदाने मुखपृष्ठावरच्या सोनेरी शिक्क्यावर बोट ठेवले होते. "बक्षीस मिळालंय. म्हणजे शेवटी सगळं गोड होतं."

"तसं नाहीये त्यात."

"मग कशाला देतोस? रडवायला?"

पुस्तक ओसरीतल्या फळीवर पडून राहिले.

आज भरत आला तो नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून, रिकाम्या क्रेटांची पिकअप घेऊन. सोबत वृषाली होती, त्याची नवी बायको. आदेशच्या आईने, साळुबाईने, तिला पाटावर बसवून तिची ओटी भरली. "ही बी माझी लेकच," ती म्हणाली, "समृद्धीच्या पाठची." पहिलीचे माहेर तेच दुसरीचेही, ही इकडची रीत.

पाया पडायला वृषाली वाकली तसा तिच्या गळ्यातला चांदीचा टाक पदराबाहेर आला. नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. दुसरेपणाची बायको वारलेल्या पहिलीच्या नावाने गळ्यात घालते तो.

"माझी आईय ना ती?" खांबाला टेकून बसलेल्या अक्षदाने विचारले. वृषालीशी ती बोललेले हे पहिले वाक्य.

"व्हय."

"तिनं तुला धरू नये म्हणून बांधलीयस. शेजारच्या काकू सांगत होत्या."

"अक्षे, जीभ आवर," भरत खेकसला.

"राहू द्या, जावई. पोर हाये," साळुबाई म्हणाली.

"निघायचं बघा. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस हाये, बिबट्याचा काय नेम," असे पुटपुटत भरत अंगणात गेला.

वृषालीने फळीवरचे पुस्तक उचलले आणि मान खाली घालून उघडले. वाचण्यासाठी नव्हे, डोळे कुठेतरी लपवण्यासाठी. आदेशला ते ओळखू आले. जन्मभर तो तेच करत आला होता. बहुधा म्हणूनच त्याचा कंठ फुटला.

"ते... ताटाचं पान वाचा. मध्ये आहे. खूण घातलीय."

वृषाली ओळींखाली बोट फिरवत, अडखळत, मोठ्याने वाचू लागली. मुलगी ताट मांडते. वडील म्हणतात, कुणासाठी? मुलगी पाण्याचा तांब्याही ठेवते. वृषाली थांबली.

"भाऊ, हे तर आमच्याकडं बी हाये."

"काय?"

"मी जेवायच्या आधी टाकाला निवद दाखवते. सासूबाईंनी शिकवलं तसं. पहिला घास ताईंना, मग मला."

अक्षदाने मान वर केली. "रोज?"

"रोज."

"काय वाढतेस?"

"शिजलं असंल ते. काल कारलं व्हतं."

"तिला कारलं आवडत नाय!" अक्षदा संतापून म्हणाली. "वासानंच उठून जायची!"

"मला कुणी सांगितलंच न्हाई गं." वृषालीचे डोळे भरून आले. "तुझ्या पप्पांना इचारलं, तर ते बी ताटावरनं उठून जात्यात."

आदेशने अंगणात पाहिले. भरत पिकअपची स्वच्छ काच पुन्हा पुन्हा पुसत होता, पाठमोरा.

मग अक्षदा उठली आणि तिने वृषालीच्या हातातून पुस्तक काढून घेतले.

"हे माझंय. मामाने मला आणलंय. माझं झाल्यावर देईन."

पुस्तक बॅगेत गेले. बॅग आदेशने उचलली. ती इतकी हलकी असेल असे त्याला वाटले नव्हते. खिडकीची जागा अक्षदाने धरली. वृषाली मध्ये, अंग चोरून बसली.

"शेवट गोड नाही ना?" अक्षदाने काच खाली करून मामाला विचारले.

"नाही."

"मग वाचते."

क्रेटांचा खडखडाट उसाच्या वळणाआड जाईपर्यंत आदेश फाटकाशी उभा राहिला. समृद्धीचे म्हणून या घरात जे चालते-बोलते उरले होते, ते तिच्या स्वतःच्या घरी निघाले होते. तसेच व्हायला हवे होते. ओसरीतली फळी मोकळी दिसत होती.

"कारली आणलीत बाजारातनं," साळुबाई आतून म्हणाली, आणि म्हणता म्हणता थबकली.

"आज नको, आई," आदेश म्हणाला.