पट्टे इथे मारा

फळीवरच्या कपबश्या किणकिणल्या आणि दुपारची शांतता मोडली. पाळण्यातलं बाळ दचकून उठलं. बाहेर रोलरने शेवटची फेरी घातली होती. डांबर बसलं, म्हणजे आता रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे मारणार.

बाळाला कडेवर घेतलं, थोरलीचं बोट धरलं आणि तशीच बाहेर पडले.

मुकादम वळणावर वाकून फुटपाथवरच्या खुणा शोधत होता. डांबर टाकण्याआधी ही माणसं जुन्या पट्ट्यांच्या खुणा करून ठेवतात, म्हणजे रस्ता नवा झाला तरी पट्टे जिथल्या तिथे. कधीकाळी वळणावर बसथांबा होता. तो आमच्या दारासमोर, पलीकडे शाळेच्या फाटकापाशी आला त्यालाही जमाना झाला. पट्टे मात्र अजून तिथेच, जिथून काळं कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.

“दादा, पट्टे आमच्या दारासमोर मारा. उद्यापासून ही शाळेत जाणार.”

“ताई, जुने तसेच नवे. मला दुरुस्तीचं काम दिलंय, अक्कल चालवायचं नाही.”

“मग ती आमची वापरा, फुकट आहे,” मागून सासूबाई म्हणाल्या. गेल्या वर्षी त्यांना दारासमोरच मोटारसायकलने उडवलं, तेव्हापासून हातात काठी. दुसऱ्या हाताने त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची फरफटत आणली होती. ती बरोबर खुणांसमोर, नव्या डांबरावर मांडून त्या बसल्या.

“आजी, उठा. शेगडीवर रंग तापलाय.”

“मी काय थंड दिसतेय?”

मी बाळाला पदराखाली घेतलं आणि त्यांच्या शेजारी खालीच बसले. डांबर अजून कोमट होतं. रस्त्याच्या वाहतूक चालू असलेल्या बाजूला बस आली. उतरलेली माणसं आमच्या दारासमोरून, गाड्या चुकवत, पळत सुटली. मुकादम बघत राहिला. मग त्याने फोन लावला.

“साहेब म्हणतात, तसा आदेश नाही.”

“मग आदेश आणा.”

“महिना जाईल, ताई. तोवर एकही पट्टा नसेल. चालेल?”

“चालेल. एकदा हे मारलेत, की पुढचं डांबर पडेपर्यंत आमचं कोण ऐकणार?”

त्याने शेगडी विझवली. “तुम्हीच समजवा आता साहेबांना,” म्हणत सामान गाडीत चढवलं. आम्ही मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत हललो नाही.

थोरली त्या काळ्याभोर, गुळगुळीत रस्त्याकडे बघत होती. पहिली मोटार त्यावरून सुसाट गेली.

“आई, मग उद्या मी कुठून जाऊ?”