बदलीच्या शिपायाची आई

“दार उघडा, मालकीणबाई. गाड्यांमध्ये माणसं आहेत.”

“आणि माझ्या माडीवर रेशीम आहे,” मी म्हणाले. “कोठारात न्या त्यांना.”

“कोठार भरलं. चर्चही भरलं. पाद्रीबाबांनी वेदीपर्यंत पेंढा पसरलाय.”

जेर्वासो आमचा कारभारी. वीस वर्षांत त्याने मला कधी उलट उत्तर दिले नव्हते. त्या दिवशी मात्र तो टोपी हातात धरून उंबऱ्यासमोर उभा राहिला आणि हलेना. त्याच्यामागे अंगणात तीन बैलगाड्या उभ्या होत्या. १८५९ सालच्या जूनची चोवीस तारीख, संत योहानाचा सण. पहाटेपासून सोल्फेरिनोच्या टेकड्यांवर तोफा चालू होत्या. एका बाजूला फ्रेंच आणि शेजारच्या इटालियन पिएमोन्ते राज्याचे सैन्य, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचा सम्राट. आमचा लोम्बार्दी मुलूख तेव्हा सम्राटाच्या अमलाखाली होता, त्यामुळे आमच्या गावची मुले सम्राटाचा पांढरा कोट घालून लढत होती. गाड्यांतले कोट पांढरेच होते, जेवढे पांढरे उरले होते तेवढे.

त्या वर्षी रेशमाचा हंगाम उशिरा आला होता. चार-पाच वर्षांपासून किड्यांत रोग शिरला होता, आणि त्या वसंतातली पहिली उबवण पूर्ण वाया गेली होती. दुसरे बीज, म्हणजे किड्यांची अंडी, आणून उबवले, म्हणून एरवी कोष उतरवून झाले असते त्या सुमारास माझे किडे कुठे कोष विणायला काटक्यांच्या जुड्यांवर चढू लागले होते. घराचे वर्षाचे सगळे उत्पन्न त्या माडीवर, वेळूच्या तट्ट्यांवर होते. चढत्या किड्यांना आवाज सोसत नाही, रक्ताचा वास सोसत नाही, असे माझी सासू सांगे. तिच्या सासूनेही तिला तेच सांगितले होते.

गाड्यांचा आवाज ऐकून ओर्सोला माडीवरून खाली आली.

या ओर्सोलाबद्दलच मला लिहायचे आहे. तिच्याबद्दल कोणी लिहावे असे तिच्या आयुष्यात काही नव्हते. आमच्या घरचे रेशीम ती तीस वर्षे सांभाळत होती. दर वसंतात किड्यांच्या बीजाची कापडी पिशवी ती छातीशी, अंगच्या उबेत बाळगी. दहा-बारा दिवस धावायचे नाही, रागवायचे नाही, झोपायचे तेही बसून. त्या दिवसांत तिच्याशी चढ्या आवाजात बोलायचे नाही असा घराचा नियम होता. या घरातला मी पाळलेला असा तो बहुधा एकच नियम असेल. बाकीचे मी केलेले होते.

तिचा एकुलता मुलगा फाउस्तीनो आणि माझा कामिल्लो एकाच वर्षी जन्मले. त्रेपन्न साली दोघांची नावे एकाच दिवशी सैन्यभरतीच्या सोडतीत गेली. फाउस्तीनोला सुटकेची चिठ्ठी आली, कामिल्लोला आठ वर्षांची चाकरी. त्या काळी ऐपतीच्या घराला आपल्या मुलाऐवजी बदली माणूस देता येत असे. मी ओर्सोलाला स्वयंपाकघरात बोलावले. तुतीच्या वाटेवरच्या दोन खोल्या तुला तहहयात देते, असे सांगितले. मी विनंती केली, असे मला आजवर वाटत आले. पण मी खुर्चीवर बसले होते आणि ती उभी होती.

“पोराला विचारते, मालकीणबाई,” ती म्हणाली.

पोरगा हसत हसत तयार झाला. “कामिल्लोला घोड्यावरून उतरताना दोन माणसं लागतात,” तो म्हणाला. “तो कसली कवायत करणार! सम्राटाचंच नुकसान व्हायचं.” आम्ही सगळे हसलो. कामिल्लो सर्वांत मोठ्याने हसला.

मग वर्षे गेली. फाउस्तीनोची पत्रे सम्राटाच्या दूरदूरच्या मुलखांतून येत, कधी गॅलिशियातून, कधी ट्रान्सिल्व्हानियातून. कोणीतरी त्याच्यासाठी लिहून दिलेली, पाद्रीबाबांनी वाचून दाखवलेली. पिएमोन्तेचे शिपाई जहाजांत बसून क्रिमियाला लढायला गेले, तेव्हा क्रिमिया कुठे आहे हे गावात एकालाही सांगता येईना. पंचावन्न साली कॉलरा आला आणि ओर्सोलाचा नवरा दोन दिवसांत गेला. अठ्ठावन्नच्या शरदात धूमकेतू निघाला. गाव गुडघे टेकून प्रार्थना करत असताना ओर्सोला मला म्हणाली, “फाउस्तीनोलाही दिसत असेल ना हा? मग बरंय.” जगात जे जे घडे ते तिला एवढ्याच मापाने समजे. मला या गोष्टीची गंमत वाटे.

एकोणसाठच्या एप्रिलात कामिल्लो रात्रीतून नदी ओलांडून पिएमोन्तेच्या स्वयंसेवकांत सामील झाला. इटली एक व्हावी म्हणून. मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही. संध्याकाळी ओर्सोलाने विचारले, “धाकटे मालक कुठल्या बाजूला गेले?”

मी सांगितले.

ती थोडा वेळ तट्ट्या पुसत राहिली. “म्हणजे माझ्या पोराच्या समोर,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते.

तर ती माडीवरून खाली आली, गाड्यांकडे पाहिले आणि माझ्याकडे वळली.

“किडे काढून टाकते, मालकीणबाई. तट्ट्या खाली ओढल्या की चाळीस माणसं निजतील वर. अर्धा तास द्या मला.”

“तुला वेड लागलंय? किडे चढतायत.”

“दिसतंय मला. मीच चढवलेत.”

“वर्षाचं रेशीम आहे ते.”

“पुढच्या वर्षी परत येईल.” तिने आवाज उतरवला. “आभाळ बघा. पाऊस येणार. ही माणसं उघड्यावर कशी राहतील?”

“पांढरे कोट आहेत ते, ओर्सोला,” मी म्हणाले. “उद्या कामिल्लो या घरात आला तर मी त्याला काय सांगू?”

“सांगा, जखमी होते.”

जेर्वासो जमिनीकडे बघत होता. मी किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला. आता इतक्या वर्षांनी खरे सांगण्यात मला कोणाचे भय नाही. मला रेशमाची काळजी होती हे खरे, आणि मुलाच्या बाजूची लाज राखायची होती हेही खरे. पण दार बंद ठेवण्याचे कारण या दोहोंतले एकही नव्हते. त्या गाड्यांत फाउस्तीनो असेल अशी मला भीती होती. तो माझ्या पलंगावर निजेल, मला ओळखेल, आणि कदाचित पुन्हा तसाच हसत काहीतरी बोलेल. त्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा तोंडच बघावे लागू नये, असे मी ठरवले. “नाही म्हणजे नाही,” असे मी म्हणाले, आणि तेही माझ्या नेहमीच्या आवाजात.

ओर्सोला पहिल्या गाडीपाशी गेली आणि एकेकाच्या तोंडावरचे कापड उचलून पाहू लागली. मी दारातून ऐकत होते. “हा नाही. हाही नाही. थांब रे बाळा, मान वळव जरा. नाही.” तिसऱ्या गाडीत कोणीतरी आमच्याच बोलीत म्हणाले, “मावशी, पाणी.”

“कुठला रे तू?”

“क्रेमोनाकडचा.”

“आणि हा शेजारचा?”

“हा हंगेरीचा. याला काही कळत नाही. पण पाणी यालाही द्या.”

तिने दोघांना पाणी पाजले. मग बैलांचा कासरा धरला आणि गाडी वळवली. फाटकापाशी थांबून ती मला म्हणाली, “खिडक्या उघड्या ठेवा, मालकीणबाई. आवाजानं किड्यांना काही होत नाही. वारा लागतो त्यांना.”

तीन गाड्या तुतीच्या वाटेने तिच्या दोन खोल्यांकडे गेल्या. किडे चढत असताना ती त्यांना सोडून गेली, असे तीस वर्षांत प्रथमच घडत होते. जेर्वासो तिच्यामागून गेला. जाताना त्याने टोपी घातली, माझ्यादेखत.

मी माडीवर गेले आणि सगळ्या खिडक्या स्वतः बंद केल्या. तोफांचा आवाज येऊ नये म्हणून त्यांवर कांबळी लावली, वास येऊ नये म्हणून फटींत चिंध्या कोंबल्या. सासूने सांगितलेले सगळे मी केले. दुपारनंतर वादळ आले. असा पाऊस आणि असा वारा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तोफाही त्यात बुडाल्या. मी बंद खोलीत खुर्ची टाकून बसले. अंगाची लाही होत होती, पण मी उठले नाही. मला वाटले, मी पहारा देत आहे.

सकाळी किडे जुड्यांवर लोंबत होते. मऊ पडलेले, काळे. कोंडलेल्या उष्म्याने ते गुदमरले होते. कांबळी काढली तेव्हा घरभर जो वास सुटला तो रक्ताच्या वासाहून वाईट होता.

मी तुतीच्या वाटेने गेले. ओर्सोलाच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस थांबल्यावर काहींना बाहेर झाडांखाली निजवले होते. भिंतीपाशी दोन जण चादरीने झाकलेले होते. ती चादर माझ्या लक्षात आली. तिच्या लग्नातली होती. ओर्सोला गुडघ्यांवर बसून एकाच्या पायाची पट्टी सोडवत होती. तिने वर पाहिले नाही.

“किडे मेले,” मी म्हणाले.

“मेले असतील.”

“तू असतीस तर...”

“मी असते तर खिडक्या उघड्या असत्या.” तिने पट्टी बाजूला टाकली. “ती बादली द्या इकडे.”

मला कोणी काही आणून द्यायला सांगितले नव्हते, त्याला तीस-पस्तीस वर्षे झाली होती. मी बादली दिली. विचारावे की नाही, हे मला कळेना, शेवटी विचारले, “फाउस्तीनो?”

“तो कोपऱ्यातला त्याच्याच पलटणीतला आहे. म्हणतो, काल सकाळी कबरस्तानाच्या भिंतीशी होता. दुपारी नव्हता.” तिने हात पाण्यात बुडवले. “नव्हता म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक नाही. सरका जरा, मालकीणबाई, उजेड अडतोय.”

मी सरकले. वाकून एखाद्याला पाणी द्यावे असे मनात आले, पण कोणाला द्यावे हे ठरेना, आणि कोणी मला मागितलेही नाही. मी घरी आले आणि हात धुतले. ते मळलेले नव्हते.

जुलैत तह झाला. लोम्बार्दी इटलीच्या बाजूला आली. कामिल्लो धडधाकट परत आला, छातीवर पदक. गावाने त्याला खांद्यावर घेतले. फाउस्तीनोबद्दल सम्राटाकडून कागद आला नाही आणि नव्या सरकारला त्याचे नाव माहीत नव्हते.

नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये देशासाठी पडलेल्यांसाठी प्रार्थना ठरली. नावांची यादी आमच्याच दिवाणखान्यात झाली. कामिल्लो लिहीत होता. चार नावे झाल्यावर त्याने लेखणी थांबवली.

“आई, फाउस्तीनोचं काय करायचं? तो त्या बाजूनं लढला. कसं लिहिणार?”

तो कोणाऐवजी लढला, हे त्या खोलीत दोन माणसांना ठाऊक होते, आणि दोघेही एकमेकांकडे बघत होते.

“कॉफी गार होतेय,” मी म्हणाले.

त्याने यादीची घडी घातली.

प्रार्थनेच्या दिवशी चर्च खचाखच भरले होते. वेदीवर इटलीचा नवा तिरंगा होता. आमचे बाक सर्वांत पुढे, कामिल्लो माझ्या उजव्या हाताला. पाद्रीबाबा एकेक नाव वाचत. ज्याचे नाव, त्याची आई उठून उभी राही आणि लोक तिच्याकडे वळून मान लववत. चार नावे झाली. चार बायका उभ्या राहिल्या. पाद्रीबाबांनी कागद खाली ठेवला आणि मृतांची प्रार्थना सुरू केली.

तेव्हा मागच्या एका बाकावर हालचाल झाली. ओर्सोला उभी राहिली होती. डोक्यावर काळा रुमाल, हात पुढच्या बाकाच्या पाठीवर. तिने इकडेतिकडे पाहिले नाही. नाव ऐकण्यात आपली चूक झाली असावी असे तिला वाटले, की कोणी वाचले नाही तरी उभे राहायचे असे ती ठरवून आली होती, हे मला आजही ठाऊक नाही. कुजबुज उठली. “हिचं कुठं वाचलं नाव?” “बस म्हणावं तिला.” “त्या बाजूचा होता की तो!” कामिल्लोने मान खाली घातली.

चर्चचा सेवक तिला बसवायला निघाला. दोन पावले गेला, मग थांबला आणि वळून माझ्याकडे पाहू लागला. आमच्या गावात माझी मान हलल्याशिवाय कोणी कोणाला उठवत नसे आणि बसवतही नसे. मी हलवली असती तर तिला पुढे आणून त्या चौघींशेजारी उभे करता आले असते. सगळ्या गावासमोर, कामिल्लोसमोर, ती कोणामुळे उभी आहे हे मला सांगता आले असते.

मी डोळे हातमोज्यांकडे वळवले.

सेवक थोडा वेळ वाट पाहत राहिला, मग आपल्या जागी परत गेला. प्रार्थना लांब होती. त्या चार बायका एकेक करून खाली बसल्या; एकीला तर मुलीने धरून बसवले. मागे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. पण पाद्रीबाबा जेव्हा जेव्हा प्रार्थनेच्या पुस्तकावरून मान वर करत, तेव्हा त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे एकाच जागी जाई, आणि त्यावरून मला कळे, की ती अजून उभी आहे.