गुडघ्याची गोळी, कमरेची गोळी

“मांजी, जितनी गोलियाँ खाती हैं, सब दिखाइए,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धैर्यशीलने घरून आणलेली पिशवी आईच्या खाटेवर उपडी केली. सरलाबाई आदल्या दिवशी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. अमौसीच्या विमानतळावरची ड्यूटी अर्धवट टाकून त्याने त्यांना इस्पितळात आणलं, तेव्हापासून रक्त चढत होतं.

डॉक्टरीणबाईंनी ढिगातून दोन पाकिटं उचलली.

“ये घुटने की है, हड्डीवाले डॉक्टर ने दी थी,” सरलाबाई म्हणाल्या. “और ये कमर की. दुकान से ली.”

“दोनों साथ? कब से?”

“चार महीने.”

“पाखाना काला होता था?”

सरलाबाईंनी मान खाली घातली. शौचाला काळं होत होतं आणि पंधरा दिवस त्या पालकाच्या भाजीला दोष देत होत्या.

“नाम अलग हैं, हैं दोनों एक ही किस्म की. दर्द उतना ही घटता है, पेट दुगना छिलता है. अंदर घाव हो गया है.” डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं बाजूला ठेवली. “अब ये दोनों बंद. कोई भी गोली मुझसे पूछे बिना नहीं. और वज़न उठाना भी बंद.”

त्या गेल्यावर धैर्यशील म्हणाला, “आई, बताया क्यों नहीं?”

“सांगितलं असतं तर तू यांचं करायला माणूस ठेवला असतास. यांना परक्याचा हात चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?”

धैर्यशीलचे वडील हणमंतराव हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला परतायचं सोडून इकडे उत्तरेतच, विमानतळाजवळच्या सरोजिनीनगरला राहिले. तीन वर्षांपूर्वी उजवं अंग लुळं पडलं. “परक्याच्या हातून अंग धुवून घेणार नाही,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्यांचा तो सहा फुटांचा देह सरलाबाईच उचलत आल्या. आधी अंगातल्या बळावर, आणि ते सरल्यावर गोळ्यांच्या.

सहाव्या दिवशी त्या घरी आल्या. इतके दिवस धैर्यशीलने रजा काढून वडिलांचं सगळं केलं होतं. आता रजा संपली होती आणि व्हरांड्यात रामखिलावन नावाचा एक मध्यमवयीन माणूस कामाची वाट बघत बसला होता.

सरलाबाई सरळ आत गेल्या. पदर खोचला आणि सवयीने नवऱ्याच्या काखेत हात घातले.

“थांब,” हणमंतराव म्हणाले. त्यांची जीभ अजून जडच होती.

“अहो, दोन मिनिटांचं तर काम...”

“थांब म्हणतो ना. पोराने सांगितलंय मला सगळं.”

त्यांनी सरलाबाईंचे हात हळूच बाजूला केले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “भैया, इधर आइए.”

रामखिलावन आला. त्याने हणमंतरावांच्या सदऱ्याची बटणं काढली, तेव्हा त्यांनी मान ताठ केली, नजर समोर रोखली आणि चांगला हात आपणहून त्याच्या खांद्यावर टाकला.

थोड्या वेळाने न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येऊ लागला. मागोमाग हणमंतरावांचा, “पानी थोड़ा और गरम कीजिए.”

सरलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.