पालखी येऊन जाईपर्यंत

सहदेवने जे सांगायचं ते सरळ सांगून ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात दम्याने अर्धा होऊन दवाखान्यातून घरी आला, ओटीवर टेकला आणि बायकोला म्हणाला, "तुळसा, परत असं झालं तर माझ्या घशात नळी घालू द्यायची नाय. दम कमी होण्याचं औषध देऊ देत, बाकी काय नको." तुळसाने "काहीतरी अभद्र बोलू नका" म्हणून उडवून लावलं. पण तिच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय त्याने चहाला तोंड लावलं नाही. भारी हट्टी म्हातारा.

आणि वेळ आली ती नेमकी शिमग्यात.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवून समजावलं. फुप्फुसं थकली आहेत. नळी घालून मशीनवर ठेवलं तर काही दिवस श्वास चालेल, पण उठून घरी जातील असं वाटत नाही. नाहीतर जीव घाबरू नये एवढं औषध देऊ आणि शांतपणे जाऊ देऊ. सहदेव ग्लानीत होता, त्याला विचारायची सोय नव्हती. "आजी, ते कधी काही बोलले होते का याबद्दल?"

तुळसाने मागे पाहिलं. मागे आप्पा उभा होता, सहदेवचा चुलतभाऊ, भावकीत ज्याच्या शब्दाला वजन. आप्पा वाईट माणूस नव्हे हो. पण पालखी देवळातून निघाली होती, परवा त्यांच्या वाडीत घरोघर येणार होती, आणि आज सहदेव गेला की अख्ख्या भावकीला सुतक. एकाही दारात पालखी थांबायची नाही. मुंबईची पोरं साहेबाच्या हातापाया पडून रजा काढून आलेली, माहेरवाशिणी आलेल्या. नळी नको म्हणून सहदेवने बजावलंय हे तिने बाहेरच सांगितलं, तेव्हा तो तिला म्हणाला होता, "वैनी, पालखी येऊन जाईपर्यंत कळ काढ. दादाने जन्मभर तिला खांदा दिला. त्याच्यापायी देव दारावरून परत गेलेला त्याला तरी आवडंल का?"

आप्पाचं एक वेळ सोडा. पण पोटचा लेक संदेश मान खाली घालून म्हणाला होता, "आये, सानवी यंदा पालखीची ओटी भरायची हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, सानवी सुनेची कूस उजवली नव्हती. नवस तुळसानेच बोललेला. आता काय करावं बाईने?

"नाय," तुळसा डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "ते कधी काय बोलले नाय."

मशीन लागलं. दुसऱ्या दिवशी सहदेवला जरा शुद्ध आली आणि शुद्ध येताच त्याने पहिलं काम केलं ते नळीला हात घालायचं. नर्स धावली. मग त्याचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले. "ओढतात ना, आजी," नर्स समजुतीने म्हणाली. त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता तुळसाकडे बघत राहिला, आणि ती पदराशी चाळा करत खिडकीकडे बघत राहिली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पालखीच्या दिवशी तिच्याजवळ कुणीच नव्हतं, सगळे गावी. दुपारी संदेशचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात ढोल वाजत होते, पालखी नाचत होती, सानवी नव्या साडीत नारळ घेऊन उभी होती. तुळसाने फोन नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्याने डोळे उघडले नाहीत. सकाळपासून तो असाच होता, आतल्या आत बुडालेला. ढोल थांबल्यावर संदेश हळूच म्हणाला, "आये, पालखी पुढे गेली. सगळं बरं झालं. आता सांग डॉक्टरांना."

"काय सांगू?"

"तू म्हणत होतीस तसं. आता काय हरकत नाय."

तिने फोन ठेवला. डॉक्टरीणबाईंना बोलवायला जाण्याआधी तिने त्याच्या उजव्या हाताची पट्टी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, नखांनी उकलावी लागली. मनगटावर लाल वळ उठला होता. तो तिने अंगठ्याने चोळला आणि हात उचलून नळीपाशी नेऊन ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "गेली पालखी. आता ओढा."

हात घसरून गादीवर पडला.