सासूबाईंचा फोन ऑफिसला जातो

ऐकू येतंय ना? मी सासूबाईंचा फोन बोलतोय. कोपऱ्यात तडा आहे, बॅटरी दुपारीच जांभया देते. पण आवाज अजून ठणठणीत आहे.

मी या घरात आलो तो त्यांच्या मुलाच्या खिशातून. पुढे त्याने नवा घेतला आणि मी आईकडे गेलो. घरातल्या जुन्या वस्तू शेवटी आईकडेच जातात. मग त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, कानात यंत्र बसलं. त्याचा आवाज कमी-जास्त करायचं ॲप माझ्यावर आलं आणि माझा भाव वधारला.

एका सकाळी माझ्याच पडद्यावर सूचना झळकली : पुढच्या आवृत्तीपासून हे ॲप या फोनवर चालणार नाही.

"आई, नवा घेऊ," मुलगा मोठ्याने म्हणाला.

"फोन नवा आणशील रे, बोटं कुठून आणशील? हा माझ्या हाताला कळतो."

नवी सून 'बघते मी' असं पुटपुटली. ती हे ॲप बनवणाऱ्या कंपनीतच कामाला. तिने मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

ऑफिसात जुना फोन औषधालाही नव्हता. तपासणीसाठी संगणकावर माझ्यासारख्या फोनचं नुसतं चित्र उभं करून त्यावर ॲप चालवायचे. चित्राला ना तडा, ना थकवा!

"जुने फोनवाले उरलेत कितीसे?" साहेब म्हणाले. "सोडून द्या."

"सर, एक माझ्या घरी आहेत. ऐकू कमी त्यांनाच येतं, असं मला वाटत होतं."

साहेबांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं. "बरं, चालवून दाखवा."

अडचण होती नव्या आवृत्तीतल्या, आवाज कमी-जास्त करायच्या गरगर फिरणाऱ्या चकतीची. ती दिसली की मला घेरी यायची. मी बंद पडायचो, सून मला उठवायची. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ती हटेना, मग मीही हटलो नाही. शेवटी तिने नव्या फोनना चकती ठेवली आणि जुन्यांना दोन साधी बटणं दिली : अधिक आणि उणे. मी उभा राहिलो!

संध्याकाळी सासूबाईंनी 'अधिक' दाबलं.

"चाललं का, आई?"

"अगं बाई, आवाज आहे की तुला! मला वाटायचं, सून मनातल्या मनातच बोलते."

आता नवी आवृत्ती निघण्याआधी सून मला ऑफिसला नेते. "अंधार पडायच्या आत आण हो त्याला," सासूबाई बजावतात.

कधीतरी मलाही थांबायचंच आहे. पण मला बाद करण्याआधी एवढं विचारा, याच्या भरवशावर कोण ऐकतंय? तोवर मी काही बंद पडत नाही.